एर्मेलिंदाबाईची काठी

चिलीतल्या आमच्या कोरड्या लिमारी खोऱ्यात पाणी दाखवायची ती एर्मेलिंदाबाईच. बेचक्याची काठी दोन्ही मुठींत धरून चालायची. काठी झुकली की थांबायची. पाणी लागो न लागो, म्हणायची, "मी कुठं काय केलं? काठीच वाकली." लग्नाचंही तेच. काठी म्हणे ओस्वाल्दोच्या दारात वाकली! आता यावर कोण काय बोलणार?

ओस्वाल्दो गेल्यावर मुलगा तिला शहरात न्यायला आला. "काठीला विचारते," म्हणत ती अंगणभर फिरली. काठी स्वतःच्याच उंबऱ्यापाशी झुकली.

"आई, मनगट तू वाकवलंस! मी बघितलं."

"पाण्याचं काठी जाणे. पण आज मीच वाकवली रे," ती म्हणाली, "आणि तुझ्या बापाच्या दारातही."