आधी जेवा

आमच्या भोकरदनच्या छोट्या चर्चमध्ये उपासनेनंतर सगळे मिळून जेवायचे. अनोळखी माणूस आला, तर त्याचं पोट भरेपर्यंत त्याला काही विचारायचं नाही, अशी रीत होती. नाव नाही, गाव नाही, जात तर नाहीच. या रीतीचा आम्हाला केवढा तोरा! शिवाय सतरंजीवर प्रत्येकीची जागा ठरलेली. एखादी जागा रिकामी दिसली, की जेवणाआधी तिच्या घरी डबा घेऊन जायचं. सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत मी शाळेत शिक्षिका म्हणून नवी लागले होते आणि हे काम माझ्याकडे होतं.

एका रविवारी उपासना सुरू झाल्यावर खिडकीजवळच्या जागी कोणीतरी येऊन बसलं. ती जागा आमच्या सगळ्यात जुन्या सभासद आजीची. आजी हसनाबादच्या रस्त्याला एकटी राहायची. मला पाठीमागून पांढरं लुगडं दिसलं, खांद्यावर हिरव्या दोऱ्याचा रफू. तो मीच केला होता, पांढरा दोरा संपला होता म्हणून. आजी आली, मी निश्चिंत झाले.

गीत म्हणायला सगळ्या उठल्या, ती उठली नाही. मी वाकून पाहिलं. पदराआडून भलताच चेहरा माझ्याकडे बघत होता. तरुण, वाळलेला, पापणीही न हलवणारा. भर दिवसा, पंचवीस माणसांत, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

तिनं तोंड उघडलं, "बाई, त्या..."

शेजारणीनं तिचा हात दाबला. "प्रार्थना चालू हाय, माय."

जेवताना ती पुन्हा म्हणाली, "मला सांगायचं व्हतं..."

"आधी जेवा, मंग बोला," म्हणत पाळकांनी स्वतः तिला वाढलं. सगळे कौतुकानं हसत होते. ती एकेक घास गिळत माझ्याकडेच बघत होती. लुगडं मी ओळखलं होतं; पण पाहुणीला चोर म्हणायचं कसं? मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली.

हात धुतल्याबरोबर ती एका दमात बोलली.

"ज्यांचं हे लुगडं हाय, त्या आंगणात पडल्यात. सकाळपासून. उठता येत न्हाई. मी पाणी मागाया गेल्ते. त्या म्हनल्या, तुझं फाटलंय, माझं नेस, माझ्या जागी बस. ते बराबर वळखतील अन् येतील. मी बसले. तुमी बघितलं बी. मंग कोनीच का उठलं न्हाई?"

आम्ही पळत सुटलो.

आजीच्या अंगणाभोवती चिटपाखरू नव्हतं. भिंतीची सावली सरकून गेली होती आणि आजी उन्हात होती. ओठ पांढरे पडलेले. पाळकांनी डोकं मांडीवर घेतलं, मी तोंडात पाणी घातलं. तिनं मला ओळखलं. तिनं शिव्या दिल्या असत्या, तर मी आनंदानं खाल्ल्या असत्या.

"तिला जेवू घातलं का?" आजीनं विचारलं.

"हो आजी. पोटभर."

"बरं केलं," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी आजी गेली. तेव्हापासून कुणी मला 'बरं केलं' म्हटलं, की मला भीती वाटते.