रेघबाईचं मिलिंग

कारखान्यात तिला सगळे रेघबाई म्हणत. ड्रॉइंग ऑफिसात बत्तीस वर्षं तिने यंत्रांच्या भागांची चित्रं रेखाटली. खाली शॉपमध्ये ते भाग कापले जात, तेव्हा ती वरून काचेतून बघत राही. एकदा तिने शॉपमध्ये बदली मागितली होती. साहेब हसले, अर्ज परत आला. विषय संपला, हुरहुर काही संपली नाही.

निवृत्त झाल्यावर तिने सुटे भाग जुळवून घरातल्या टेबलावर मावेल असं, धातू कापणारं छोटं मिलिंग मशीन उभं केलं. नवऱ्याने आपली पुस्तकं निमूट पलंगाखाली सरकवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो ‘आमच्या मालकीणबाईंचा कारखाना’ दाखवू लागला.

मशीनने मात्र तिच्या नाकी नऊ आणले. कापायचा तुकडा ज्यावर बसतो ते मशीनचं टेबल सरकवणाऱ्या मोटरी पावलं मोजत फिरतात. एखादं पाऊल हुकलं तर मशीनला त्याचा पत्ताच नसतो. ती टेबल दहा मिलिमीटर पुढे नेई, मागे आणी, असं वीसदा. शेवटी सरकलेलं अंतर दाखवणाऱ्या डायल गेजचा काटा शून्यावर यायला हवा, तो दरवेळी अलीकडेच थांबे. मोटरीला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटवरचा बारीक स्क्रू फिरवून तिने करंट वाढवला. मोटर चटका बसण्याइतकी तापली, काटा होता तिथेच. करंट कमी केला तर आणखीच बिघडलं. पंधरा दिवस असे गेल्यावर तिने मिलिंगवाल्या काकांना फोन केला.

काका शॉपमधले सगळ्यात जुने कारागीर. ती ड्रॉइंग द्यायला खाली गेली असताना एकदा त्यांनी तिला मशीनचं हँडल फिरवू दिलं होतं, अर्धं मिनिटच. आता ते ऐंशीच्या घरात, कानांनी अधू. सून त्यांना दारात सोडून गेली. ही विजेची खेळणी आपल्याला कळत नाहीत, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग मोटरीवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि मशीन चालवायला खुणावलं.

“सुटताना अडखळतेय,” ते म्हणाले. “एकदा पळायला लागली की ठीक आहे. तिला एकदम धाव म्हणू नकोस.”

तिने कॉम्प्युटरवर वेग वाढण्याचा आकडा निम्म्यावर आणला, मोटर कोमटच राहील इतका करंट ठेवला. वीस फेऱ्या झाल्या. काटा शून्यावर.

मग तिने स्वतःच्याच एका जुन्या ड्रॉइंगवरून ॲल्युमिनियमचा तुकडा कापला. काकांनी खिशातून मायक्रोमीटर काढून तो मोजला आणि मान डोलावली.

“काका, तेव्हा मला खाली घेतलं असतं, तर जमलं असतं का हो?”

त्यांना ऐकू गेलं नाही. इतकं आतलं काही ओरडून विचारणं तिच्या जिवावर आलं, तरी तिने विचारलं.

काकांनी मायक्रोमीटर पुसून खिशात ठेवला. “जमलं असतं. साहेबांनी मला विचारलं होतं. बाईमाणसाला झेपायचं नाही, असं मीच सांगितलं. चुकलं माझं.”

सून न्यायला आली तेव्हा तिने काकांना हात धरून पायऱ्या उतरवल्या, पुढच्या रविवारी या म्हणाली.

वर येऊन ती मशीनसमोर बसली. राग होता, पण तो या थकल्या म्हाताऱ्यावर कसा काढायचा? आणि काढून ती वर्षं थोडीच मिळणार होती? नवऱ्याने दारातून विचारलं, काय झालं. काही नाही, म्हणाली, आज जेवणाचं तूच बघ. मग तिने शिकंज्यात दुसरा तुकडा आवळला.