भीती कितव्या गिअरला?

बाळारामभाऊंनी माझ्या टेबलावर तीन ईसीजी ठेवले. एक पोलादपूरचा, एक महाडचा, तिसरा थेट पनवेलचा. तिन्ही नॉर्मल.

"मग मला हितं कशाला धाडलंय?" त्यांनी विचारलं. "मी काय येडा हाय काय?"

"इथं वेडं कोणी येत नाही. मी सोडून, असं आमचे डॉक्टर म्हणतात. बसा."

ते बसले नाहीत. त्यांची बायको, सुमनवहिनी, मात्र मांडीवर पिशवी घेऊन आधीच बसली होती. "बाय, ह्यांना गॅस होतो," ती म्हणाली. "पण फकस्त गाडी चालवताना. ते पण घाटातच."

घाटातच होणारा गॅस म्हटल्यावर मी नवा कागद घेतला.

मी सरकारी रुग्णालयात सहायक मानसशास्त्रज्ञ आहे. चार दिवस महाडला, दोन दिवस पोलादपूरला. मी गोळ्या देत नाही, त्या डॉक्टर देतात. माझं काम म्हणजे ऐकणं, चाचण्या घेणं, नोंदी करणं आणि ठरलेल्या उपचाराचा पेशंटकडून सराव करून घेणं. उपचार ठरवतात आमच्या मॅडम. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, पंधरवड्यातून एकदा अलिबागहून येतात. एरवी फोनवर असतात आणि फोनवरूनच मला झापतात.

बाळारामभाऊ कुडपणचे. वय पन्नाशीच्या पुढे. भात, नाचणी आणि एक जीप. रोज सकाळी गावची माणसं पोलादपूरला आणायची, त्यात कॉलेजला जाणाऱ्या सात मुली. गेल्या पावसाळ्यात एका वळणावर वरून धोंडा सुटला आणि जीपच्या बॉनेटवर आदळला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. बॉनेट ठोकून सरळ केलं, रंग दिला. पण दिवाळीनंतर त्या वळणाशी आलं की छाती धडधडायची, हात घामेजायचे, श्वास पुरेना. आता मेलो, असं वाटायचं.

याला पॅनिक अटॅक म्हणतात. घरच्या कुत्र्यानं एकदा चोर पाहिला की तो पुढे वाळल्या पानावरही भुंकतो, तसं शरीराचं होतं. हृदयाला काही झालेलं नसतं. पण पेशंट काय करतो, तर ती जागा टाळतो. टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि म्हणूनच भीती मुक्कामाला राहते. भाऊ वळणाच्या अलीकडे एका जांभळीखाली थांबायचे आणि मागे फिरायचे. पुढे तेही बंद झालं. जीप दोन महिने दारात उभी होती. एसटीची वेळ कॉलेजशी जुळत नव्हती, सातातल्या दोन मुलींना घरच्यांनी घरीच ठेवलं होतं.

"शिमगा झाला का वरंधचं गिऱ्हाईक जीप न्यायला येतंय," वहिनी म्हणाली. "मग हे चालले मुंबईला. माझ्या भावाच्या बिल्डिंगीत वॉचमन."

"तितं वळणं नायत," भाऊ म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांची एकच अट होती. गावात कळता कामा नये. गावात त्यांनी दाढ दुखते असं सांगून ठेवलं होतं.

मॅडमनी उपचार ठरवला. एक्स्पोजर. म्हणजे ज्याची भीती, त्याच्या जवळ थोडं थोडं जायचं आणि भीती ओसरेपर्यंत तिथून पळायचं नाही. त्यासाठी शिडी करतात. पहिली पायरी, बंद जीपमध्ये बसणं. दुसरी, इंजिन चालू. तिसरी, घाटाच्या तोंडापर्यंत. चौथी, जांभळीपर्यंत. पाचवी, ते वळण. मॅडमनी बजावलं होतं, उपचार चालू असेपर्यंत गाडीत एकही पॅसेंजर नको, वहिनी तेवढी चालेल.

प्रत्येक पायरीवर भीती मोजायची असते, शून्य ते शंभर. भाऊंना ते पटेना.

"शंभरातली भीती मला काय कळत नाय. गिअरमध्ये इचारा."

"बरं. आत्ता कितव्या गिअरला?"

"सेकंड. पयला म्हंजे इंजिन बोंबलतंय. टॉप म्हंजे निवांत."

मी तेच लिहिलं. पुढच्या वेळी मॅडम माझ्या नोंदी वाचताना थांबल्या. "जांभळीखाली फर्स्ट गिअर, वीस मिनिटांनी थर्ड. हे काय आहे? आरटीओचा फॉर्म?"

"त्यांचं माप आहे, मॅडम."

"चालेल. तुझ्या मापापेक्षा बरं आहे."

चौथ्या पायरीपर्यंत भाऊ छान चढले आणि तिथेच अडकले. तीन आठवडे जांभळीच्या पुढे चाक सरकेना. शिमगा चार दिवसांवर आला.

"तू जा सोबत," मॅडम फोनवर म्हणाल्या. "शेजारी बस. का, काही अडचण?"

"नाही, मॅडम."

अडचण होती. मी महाडात जन्मले, महाडात वाढले आणि अजून महाबळेश्वर पाहिलेलं नाही. सहावीत शाळेची सहल वरंधा घाटातून गेली, तेव्हा मी बाईंच्या नव्या साडीवर ओकले. त्या दिवसापासून मी घाट सोडला. पुण्याला जायचं तर मी पनवेलला वळसा घालून रेल्वेनं जाते. घरचे समजतात, मला रेल्वेची आवड आहे. आणि हीच मी भाऊंना दर आठवड्याला टाळण्याचे तोटे समजावून सांगत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

डोळे गच्च मिटून एसटीनं कुडपण गाठलं आणि तिथून जीपनं निघालो. पुढे भाऊ आणि मी, मागे वहिनी. चौथ्या वळणापासून माझ्या तोंडाला पाणी सुटायला लागलं, आणि ते काही भुकेनं नव्हतं. मी समोरच्या काचेवर नजर रोखली आणि भाऊंना म्हणाले, "भीती लाटेसारखी असते. येते, चढते, उतरते. मध्ये थांबायचं नाही."

"तुमी अशा हिरव्या का दिसताय?"

"तुम्ही रस्त्याकडे बघा."

जांभळीखाली थांबलो. पहिला गिअर. पंधरा मिनिटं गेली, दुसरा गिअर. मागून दुधाचा टेम्पो आला आणि हॉर्न वाजवायला लागला. भाऊंनी जीप हळूच पुढे काढली. वीस पावलं गेलो असू, माझ्या पोटातलं सगळं गळ्याशी आलं.

"भाऊ, गाडी थांबवा."

"तुमीच बोललात ना, मध्ये थांबायचं नाय."

"भाऊ, मला ओकारी येतेय."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आरशात. मागे टेम्पो, एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला कडा. "हितं दरवाजा उघडाल तर खाली जाल. वळणापलीकडं जागा हाय. तोंडावर पदर, आपलं, वढणी धरा. अगो, पाण्याची बाटली काढ."

वळण घेतलं, पलीकडच्या सपाटीवर जीप लावली. मी उतरले आणि रस्त्याकडेला बसून मनसोक्त ओकले. वहिनीनं माझं डोकं धरलं. भाऊंनी बाटली दिली, आल्याची वडी दिली, टेम्पोवाल्याला हातानं पुढे काढलं. मग ते मागे वळले आणि नुसते बघत उभे राहिले.

"सुमन," ते म्हणाले, "आपण वळण पार केलं."

वहिनी हसायला लागली, हसता हसता रडायला लागली.

तिथे फोनला एक काडी रेंज होती. मी मॅडमना फोन लावला. "मॅडम, झालं. पार झाले."

"पार करताना त्यांचं लक्ष कुठे होतं?"

"माझ्या उलटीकडे."

"तुला गाडी लागते?"

"हो."

"आधी का नाही सांगितलंस?"

"टाळलं," मी म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हं. तर आत्ताचं पार करणं तुझ्या उलटीच्या खात्यात गेलं. लक्ष दुसरीकडे होतं, म्हणजे ते भीतीला सामोरे गेलेच नाहीत. आता मुद्दाम जा, नजर वळणावर ठेवून. निदान तीन वेळा. आणि तू शेजारीच बसायचंस."

भाऊंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. माझाही पडलाच होता. वहिनी म्हणाली, "दोघंबी पांढरेफटक. आता बसा गाडीत."

मुद्दाम गेलो. भाऊंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "पयला गिअर, बाय. इंजिन बोंबलतंय."

"बोंबलू दे. मी पण पहिल्याच गिअरला आहे. चला."

दुसऱ्या खेपेला दुसरा गिअर. तिसऱ्या खेपेला वळणाच्या ऐन मध्यावर त्यांनी धोंडा जिथून सुटला होता ती जागा बोटानं दाखवली आणि म्हणाले, "थर्ड." मला भरून आलं, या वेळी पोटातून नाही.

शिमगा झाला. वरंधचं गिऱ्हाईक आलं, पुरणपोळी खाऊन रिकाम्या हातानं गेलं. भाऊ त्यानंतर आठवडाभर रोज एकटेच वर-खाली करत राहिले, आणि मॅडमनी हो म्हटल्यावर पॅसेंजर घेऊ लागले. पाच मुली दुसऱ्याच दिवशी जीपमध्ये बसल्या. राहिलेल्या दोघींच्या घरी वहिनी स्वतः जाऊन आली, त्याही आल्या.

दाढेची गोष्ट फार टिकणारी नव्हतीच. भाऊंनी गावात नवी सांगितली. हॉस्पिटलातल्या बाईंना, म्हणजे मला, घाट लागतो, आणि भाऊ मला बरं करायला पोलादपूरला जातात. तेव्हापासून कुडपणची माणसं माझ्या खोलीत बिनदिक्कत येतात. आधी माझ्यासाठी आणलेलं लिंबू टेबलावर ठेवतात, मग हळूच स्वतःचं सांगायला लागतात. जे बोर्डानं आणि पत्रकांनी दोन वर्षांत झालं नव्हतं, ते एका उलटीनं झालं.

यातून मी एवढंच शिकले. पेशंटला शिडी चढवण्याआधी आपण कितव्या पायरीवर उभे आहोत, ते मॅडमना सांगावं.

मे महिन्यात भाऊ शेवटच्या तपासणीला आले. टॉप गिअर. मी फाईल बंद करायला घेतली, तर त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"आणि तुमचा कितवा?"

मी खरं सांगितलं. "सेकंड."

"मग बंद कशाला करताय? मंगळवारी सात वाजता स्टँडवर या. महाबळेश्वर दावतो."

मंगळवारी सातला मी स्टँडवर होते. पर्समध्ये दोन लिंबं, आणि हातात प्लास्टिकची पिशवी.