जिन्यावरचं मत

मी जन्माची भित्री. पाल दिसली की खुर्चीवर चढते. कुणी मागून हाक मारली तर आधी दचकते, मग ओ देते. म्हणून मावशीनं मला थिएटरच्या तिकीट खिडकीत चिकटवलं तेव्हा घरात सगळे हसले. मावशी म्हणाली, "हसा लेको. काचेमागे बसेल, तिला कुणी चावणार नाही."

मावशी त्याच थिएटरात दारावर होती. एक नाही, दोन नाही, तीस वर्षं. अंधारात उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, मध्यंतरात दारं उघडायची, सिनेमा सुटला की लोकांना जिन्यानं खाली सोडायचं. सगळे तिला बॅटरीबाई म्हणायचे. ती त्यावर कधी रागावली नाही. उलट कुणी नवीन माणूस "अहो ताई" म्हणाला तर तिला वाटायचं, हा दुसऱ्याच कुणाला बोलावतोय.

पण तिचं खरं काम जिन्यावर होतं. आमच्या मालकांचा पेपरातल्या परीक्षणांवर काडीचा विश्वास नव्हता. नवा सिनेमा शुक्रवारी लागायचा आणि रविवारी ते जिन्याच्या वळणावर येऊन मावशीला विचारायचे, "बाई, पब्लिक काय म्हणतंय?" मावशी "राहू द्या" म्हणाली की सिनेमा राहायचा. "उचला" म्हणाली की सोमवारी पोस्टर खाली. बस्स, एवढाच कारभार. तिनं कधी कुणाला तोंडानं विचारलं नाही. फडकं घेऊन कठडा पुसत उभी राहायची आणि उतरणाऱ्यांचं ऐकायची. "विचारलं की माणूस शहाणपणा करतो," ती म्हणायची. "जिना उतरताना मात्र पोटातलं बोलतो." तीस वर्षांत तिचा अंदाज चुकलेला मी तरी ऐकला नाही.

आणि दोन वर्षांपूर्वी तिचे कान गेले.

मला कसं कळलं सांगते. ती स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. शेजारी कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता. मी बाहेरून ओरडले, "अगं मावशी, आठ झाल्या! डाळीचं पीठ करतेस का?" ती आपली शेंगा सोलतेय. मी आत जाऊन तिच्या मागे उभी राहिले, टाळी वाजवली. काही नाही. मी पुढे गेले तशी तिनं वर बघितलं आणि माझ्या तोंडावरून तिला सगळं समजलं. तिनं शेंगांचे हात तसेच माझ्या मनगटावर आवळले. "कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. घरी बसवतील गं मला. दारावर नसले तर मी कोण?"

मी गप्प बसले. मला काय, गप्प बसायला फारशी हिंमत लागत नाही.

तोवर ती ओठ वाचायला शिकली होती, तेही इतकं सफाईनं की कुणाला शंका येऊ नये. अडचण फक्त घंटेची होती. धोक्याची घंटा, म्हणजे नावाला घंटा, आवाज भोंग्याचाच, वाजली की दारावरच्या माणसानं दोन्ही दारं सताड उघडायची आणि बॅटरी छताकडे धरून उभं राहायचं, हा नियम. दर सोमवारी सकाळी रिकाम्या थिएटरात मालक स्वतः घंटा वाजवून बघायचे. त्या वेळी मी मुद्दाम समोरच्या पायरीवर जाऊन बसायची आणि घंटा वाजली की केसांना हात लावायची. मावशी झटकन दारं उघडायची. "वा बाई, घड्याळ आहात!" मालक म्हणायचे. मावशी हसायची. मला मात्र रविवारच्या रात्रीपासूनच झोप नसायची. खरंच कधी वाजली तर? मी खिडकीत, ती आत अंधारात, मध्ये दोन भिंती. मी हे तिला एकदा बोललेही. ती म्हणाली, "तीस वर्षांत वाजली का? मग? तुझ्या जिभेला काही हाड?"

मग तो हेरांचा सिनेमा लागला.

एक हेर असतो. त्याला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईवर प्रेमाचं नाटक करायला पाठवतात. तो नाटक करता करता खरंच प्रेमात पडतो. मग कळतं, तीही हेर. मग कळतं, तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग आणखी एक कळतं, मग त्याच्यावर आणखी एक. भोंगे तर इतके वाजतात की विचारू नका. पुलावर भोंगा, तुरुंगात भोंगा, लग्नाच्या रात्री भोंगा. शेवट मी सांगणार नाही. कारण शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरात येतं: हा शेवट ओठांवर आणू नका.

आणि तिथेच घात झाला. आमच्याकडे सुटलेल्या खेळाचे लोक जिन्यानं उतरतात आणि पुढच्या खेळाचे लोक त्याच जिन्याखाली रांगेत उभे असतात. शुक्रवारी पहिला खेळ सुटला आणि लोक तोंडावर हात ठेवून उतरले! कुणी ओढणी धरलेली, कुणी रुमाल, कुणी बायकोच्या कानाशी आडवा तळहात धरून कुजबुजतंय. रांगेतल्यांना शेवट कळू नये म्हणून. एरवी रस्त्यात धक्का मारून जाणारी माणसं, पण त्या दिवशी भलतीच सभ्य झाली.

मावशी खिडकीशी आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "एकाचंही तोंड दिसलं नाही गं. मी मालकांना काय सांगू?"

"सांग काहीतरी. राहू द्या म्हण."

"आणि नाही चालला तर? एकदा चुकले की ते माझ्याकडे निरखून बघायला लागतील. निरखून बघितलं की संपलं."

तिला घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. घाबरायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे होतं.

माझी खिडकी जिन्याच्या बरोबर खाली. मग मी कान वर लावून बसले आणि ऐकू येईल ते रद्द तिकिटांच्या मागे लिहून तिला द्यायला लागले. काय काय मतं! एक टक्कलवाले गृहस्थ म्हणाले, "तीनदा फसलो. चौथ्यांदा ठरवलं आता नाही फसायचं, तर पार तोंडावर आपटलो." एक आजोबा म्हणाले, "डोक्यावरून गेला. पण ती रडली तेव्हा मीही रडलो." दोन मुली हिरोवर घसरल्या होत्या, "प्रेम करतानासुद्धा मेला दाराकडे बघतो!" आणि एका बाईनं नवऱ्याला विचारलं, "तुमचं काही सांगायचं राहिलंय का मला?" त्या माणसाच्या हातातून किल्ल्या पडल्या. दोन पायऱ्या खाली येऊन त्यानं त्या उचलल्या आणि भराभरा पुढे उतरून गेला.

शनिवारी रात्री मावशीनं ती तिकिटं अंथरुणावर मांडली. निम्मे शिव्या देणारे, निम्मे पुन्हा बघायला येणारे. "या कागदांवर माणूस दिसत नाही," ती म्हणाली. "उद्या तीनच्या खेळाला मी स्वतःच बघीन. तोंड नाही तर नाही, डोळे तर झाकत नाहीत ना?"

रविवारी तीनचा खेळ हाउसफुल्ल होता. मी खिडकी बंद करून आत हिशेबाला न बसता पेंगत होते. आतून पुलावरचा भोंगा ऐकू आला. तो दोन दिवसांत मला पाठ झाला होता. तीनदा वाजतो आणि थांबतो. तीनदा वाजला. थांबला नाही.

मी तशीच बसून राहिले. खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, सिनेमाच्या मशीनवरच्या ऑपरेटरकाकांनी काही गडबड केली असेल. मग जळकट वास आला आणि मला कळलं की हा भोंगा सिनेमातला नाही. ही आमची घंटा आहे.

कशी पळाले ते मला आठवत नाही. चप्पल खिडकीतच राहिली. मागच्या दाराचा पडदा सारून आत गेले. घंटा कोकलतेय, मशीनच्या खोलीच्या झरोक्यातून धूर पाझरतोय, आणि अख्खं थिएटर खुर्चीत बसलेलं! कुणी पडद्याकडे बघत नव्हतं. सगळी डोकी डाव्या दाराकडे वळली होती. दारात मावशी भिंतीला टेकून उभी. बॅटरी बंद. पडद्यावर हिरॉईन काहीतरी बोलत होती आणि मावशी मान जराशी कलती करून तिचे ओठ वाचत होती. चेहऱ्यावर हसू.

मी जाऊन तिचा दंड धरला. ती वळली. मी केसांना हात लावला.

मावशीचं ते तोंड मी मरेपर्यंत विसरणार नाही. क्षणभरच. मग तिनं धाडकन दोन्ही दारं उघडली, बॅटरी पेटवून छताकडे धरली आणि मोठ्यानं म्हणाली, "सावकाश. आधी मागच्या रांगा. पोरांना कडेवर घ्या." लोक उठले, रांगेनं बाहेर गेले. धक्का नाही, आरडाओरडा नाही. मी मात्र दाराची कडी सोडायला तयार नव्हते.

मशीनच्या पंख्याची मोटर जळाली होती. ऑपरेटरकाकांनी आधी घंटा दाबली आणि पाच मिनिटांत ती विझवली, भुवया तेवढ्या करपल्या. आणि पब्लिक काय म्हणतंय? शेवट दाखवा! घरी जायला कुणी तयार नाही. काकांनी घरगुती पंखा मशीनशेजारी ठेवला आणि उरलेला सिनेमा दाखवला.

खेळ सुटला. मावशी फडकं घेऊन वळणावर उभी राहिली, तिच्याशेजारी मी. त्या दिवशी कुणीच तोंडावर हात धरला नाही. सिनेमाबद्दल कुणी बोलतच नव्हतं ना! जो तो मावशीकडे बघून हसत होता, हात जोडत होता. टक्कलवाले गृहस्थ पुन्हा आले होते. ते म्हणाले, "बाई, मानलं तुम्हाला." मग एक आजी आली, कडेवर झोपलेली नात. तिनं मावशीचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "मी हिला घेऊन पळणारच होते बघा. मग तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही अशा शांत उभ्या! म्हटलं, बाईंना ठाऊक असेल, सिनेमातलाच भोंगा असेल. तुम्हाला बघून बसून राहिले."

आजी उतरून गेली. तिची नात तिच्या खांद्यावर लाळ गाळत होती.

मावशीनं माझी हनुवटी धरून मला आपल्याकडे वळवलं. "काय म्हणाली ती? मला नीट दिसलं नाही."

तिला नीट दिसलं होतं. मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. पण तिच्या डोळ्यांत अशी आशा होती की मला रडूच आलं. मी म्हटलं, "सिनेमा आवडला म्हणाली."

मावशी माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग हनुवटी सोडली. "तुला साधं खोटंही बोलता येत नाही गं," ती म्हणाली.

तेवढ्यात मालक दोन दोन पायऱ्या चढत वर आले. घामाघूम, पण चेहरा फुललेला. "बाई! कमाल केलीत! घंटा वाजतेय आणि तुमची पापणी हलली नाही. तुम्ही घाबरला असतात तर इथे चेंगराचेंगरी झाली असती." त्यांनी चारचौघांत तिच्यापुढे हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, सुटलो. आता हिला कुणी हात लावत नाही. जन्मभर दारावर राहील.

मालक हसत म्हणाले, "बोला आता. पब्लिक काय म्हणतंय?"

मावशीनं फडकं कठड्यावर टाकलं. "सिनेमा राहू द्या," ती म्हणाली. "चार आठवडे कुठे जात नाही."

"आणि?"

"आणि मला उचला."

मालकांना वाटलं थट्टा आहे. ते हसले. मावशी हसली नाही. "घंटा मला ऐकूच आली नाही, मालक. दोन वर्षं काहीच ऐकू येत नाही. लोक माझ्याकडे बघून बसले होते आणि मी सिनेमा बघत होते. मोटर विझली नसती तर?" तिचा आवाज चिरकला. तो किती मोठा झालाय हे तिला कळत नव्हतं. सगळा जिना ऐकत होता. टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. मालक कठड्याला धरून पायरीवर बसले.

मला वाटलं, मी म्हणावं की मलाही माहीत होतं. केसांना हात लावणारी मीच. म्हटलंही, पण उशिरा, जिना रिकामा झाल्यावर. मालक म्हणाले, "तुम्हा दोघींना काय म्हणावं तेच कळत नाही." मग पुष्कळ बोलले. ते सगळं आम्ही ऐकून घेतलं. म्हणजे मी ऐकलं, तिनं बघितलं.

आता खिडकीत मावशी बसते. तिथे प्रत्येकाला तोंड समोर करूनच बोलावं लागतं, तिचं अडत नाही. बॅटरी माझ्याकडे आली. सिनेमात कुठे काय वाजतं ते मी पहिल्याच खेळाला लिहून ठेवते, तरी प्रत्येक वेळी काळजात धस्स होतं आणि हात दाराच्या कडीवर जातो. पाचव्या रांगेतलं कुणी खोकलं तरी मी दचकते. काल मावशीला म्हटलं, अगं, मला नाही जमायचं हे, मी किती भित्री आहे तुला ठाऊक आहे. तिनं काचेतून माझे ओठ वाचले, सुटे पैसे पुढे सरकवत गिऱ्हाइकाला तिकीट दिलं आणि म्हणाली, "म्हणूनच तर तुला तिथे उभी केलीय."