सावकाश जेवणारी माणसं

लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावर शेवंतीबाईंची खानावळ होती. खानावळ म्हणजे एक खोली, दोन चुली आणि भिंतीशी ओळीने मांडलेले पाट. बाई तोंडाने फटकळ, पण हाताने सढळ. गिरणीतले गडी त्यांच्या शिव्या खात आणि वर भाकरीही मागून खात.

नवरा दगडू गिरणीतच होता. कापसाची धूळ छातीत भरून घेऊन, खोकून खोकून गेला. त्याच्या तेराव्याला बाईंनी ठरवलं की एकुलत्या एका लवूला गिरणीचं तोंड दाखवायचं नाही. दुसरीही एक गोष्ट त्यांनी ठरवली होती, पण ती कुणाला सांगितली नव्हती. गावाकडल्या बायकांनी आपापल्या माणसांची जन्मभर वाट बघितली, आपण बघायची नाही. पोरगं रोज रात्री आपल्यासमोर जेवलं पाहिजे, बास.

लवू ट्रकवर क्लीनर म्हणून लागला आणि गाडी शिकला. छप्पन साली गोळीबार आणि कर्फ्यूने गिरणगाव गप्प झालं, खानावळीच्या चुली विझल्या, पुन्हा पेटल्या, आणि त्याच वर्षी पोराच्या हातात लायसन पडलं. बाईंनी ते गणपतीच्या तसबिरीपुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि हळदीचा डाग पडला म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या.

आता प्रश्न होता कंपनीचा. ट्रकच्या दोन कंपन्या नव्या ड्रायव्हरला घ्यायला तयार होत्या, एक शिवडीची आणि एक काळाचौकीची. पगारात म्हणण्यासारखा फरक नव्हता. दोन्हीकडचे ड्रायव्हर शेवंतीबाईंच्याच पाटावर जेवून जात.

"आये, तूच सांग," लवू म्हणाला. "खंय जाऊ?"

बाईंना हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. माणूस तोंडाने खोटं बोलेल, पानावर बसून नाही, असं त्या नेहमी म्हणत. कुणाची बायको गावाहून आली, कुणाची नोकरी गेली, हे त्यांना माणूस बोलायच्या आधी त्याच्या जेवण्यावरून कळे. शिवडीवाले म्हणजे नुसती धांदल. दुपारी यायचे, बकाबका गिळायचे, हात ओले असतानाच पळायचे. "अरे, वाघ लागलाय काय पाठी?" असं बाई रोज ओरडत. ज्या मालकाकडे माणसाला दोन घास सुखाने खायला सवड नाही, तो मालक कसला? काळाचौकीवाले पाहा. ऐसपैस मांडी घालून बसत, आमटीची चव घेत, शेवटचा भात कालवून बोटं चाटत आणि उठताना "मावशी, बरं वाटलं" म्हणत. ते आठ-दहा दिवसांतून एखाद्याच वेळी यायचे. बाकीचे दिवस ते कुठे असतात, हे बाईंनी कधी विचारलं नाही. दुसरीकडे कुठे जेवतोस, असं गिऱ्हाइकाला विचारायचं नसतं. खानावळीची ती रीतच असते.

"काळाचौकीक जा," बाई म्हणाल्या.

लवूने पुन्हा विचारलं, "तुका चालतला, आये?"

"माका न चालूक काय झाला? चांगली माणसा आसत ती."

पोराचा चेहरा असा उजळला की बाईंना स्वतःच्या शहाणपणाचं कौतुक वाटलं.

नव्या ड्रायव्हरला पहिले काही महिने शहरातच ठेवायचे. गोदीतून गिरणी, गिरणीतून गोदाम. संध्याकाळी लवू घरी यायचा, आईसमोर बसायचा, चार घास गिळून मंडळाच्या पोरांत पळायचा. पोरं भिंतींवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा रंगवत. बाई ओरडायच्या, "चावून खा रे मेल्या!" आणि मनात सुखावायच्या. तेवढेच त्यांच्या आयुष्यातले भरल्या ताटाचे दिवस.

एका दुपारी लवू भलत्याच वेळी आला आणि गिऱ्हाइकांच्या ओळीत पाटावर बसला. बाईंनी बांगड्याचं कालवण वाढलं. तो सावकाश जेवू लागला. एकेक घास घोळवून घोळवून. तिसरी भाकरी मागितली. कालवणात बोट फिरवून चाटलं आणि मान वर करून आईकडे बघून हसला. बाईंच्या हातातला डाव थांबला. हे काळाचौकीवाल्यांचं जेवणं त्यांच्या ओळखीचं होतं.

"खंय जातंस रे?"

"नागपूर. लांबच्या लाईनवर घातल्यानी माका." त्याच्या डोळ्यांत नुसता आनंद होता. "आता आठ-दहा दिवस असला जेवाण खंय मिळतला? म्हणान दाबून जेवतंय."

"आणि शिवडीवाले? ते नाय जात लांब?"

"ते कित्याक जातीत? त्यांची गाडी गोदीभायेर जाणा नाय. सांजेक घराकडे बायकोच्या हातचा खातत, म्हणान दुपारी घाईत असतत." मग तो ओशाळून म्हणाला, "तुझ्यासाठी मी शिवडीकच जाणार होतंय. पण तू आपणहून काळाचौकी म्हटलंस. आवशीन एवढा मन मोठा केल्यान, म्हणान माका रडूच येणार होता."

त्याच वेळी बाईंनी सांगायला हवं होतं की मन मोठं वगैरे काही केलं नव्हतं, मला ठाऊकच नव्हतं रे, जाऊ नकोस. त्यांनी सांगितलं असतं तर तो थांबलाही असता. पण पोराच्या तोंडावरचा तो आनंद ओरबाडून घ्यायला हात धजेना. त्यांनी आणखी एक बांगडा वाढला.

पुढे तो येत-जात राहिला. संत्री आणायचा. "आये, मुंबईबरोबर नागपूरपण आपल्याच राज्यात येतला, बघ," म्हणायचा. येऊन जेवायचा तो पाहुण्यासारखा. त्याने फार कौतुकाने खाल्लं, की बाई पाठ फिरवून चुलीकडे वळत.

एकोणसाठच्या पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटात दरड आली आणि लवूची गाडी खाली दरीत गेली. निरोप घेऊन काळाचौकीचे दोघे ड्रायव्हर आले. ते दारातच उभे राहिले. बाई त्यांना आत या म्हणाल्या, पाटसुद्धा मांडले, पण त्या दिवशी त्या दोघांना घास गिळवला नाही. खानावळ मात्र चौदाव्या दिवशी उघडली. ती बंद ठेवून बाई जगणार कशा, आणि दिवसभर एकट्या खोलीत बसून करणार तरी काय?

पुढल्या मे महिन्यात राज्य झालं. लालबागला दिवे लागले, गुलाल उधळला, लवूच्या सोबतची पोरं घसा बसेपर्यंत ओरडली. नागपूर आपल्यात आलं. बाईंनी त्या आठवड्यात सगळ्यांना शिरा केला. ढवळताना लवू आठवत होता, पण शिरा त्यांनी करपू दिला नाही.

शिऱ्याच्या दिवशी दुपारी शिवडीचा रामू ड्रायव्हर आला. लवूच्याच वयाचा, घाईघाईने जेवण्याबद्दल बाईंच्या सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेला. आज तो मांडी घालून नीट बसला. "मावशी, आज तुझ्या मनासारखा अगदी सावकाश जेवतो."

"नको रे बाबा!" बाई इतक्या जोरात म्हणाल्या की सगळी ओळ वर बघू लागली. "सावकाश नको. पटापट जेव. काम उरक आणि उजेडात घराकडे जा."

रामूने खाली मान घालून भराभरा भात संपवला आणि ओल्या हातानेच निघाला. तो नाक्यावर वळेपर्यंत बाई दारात उभ्या होत्या. मग पदराने तोंड पुसून त्या पुढच्या माणसाला वाढायला आत गेल्या.