भोक असलेली पेटी

मेणाचा वास आला की कुंभारवाड्यातली फणसाच्या लाकडाची ती पेटी आठवते. मधपेट्या करणाऱ्या एका सुताराकडून मी ती खर्जापासून टिपेपर्यंत सगळे सूर एकटाच वाजवणाऱ्या एका फुल-रेंज स्पीकरसाठी करून घेतली होती. खर्ज भरून यावा म्हणून खाली हवेचं भोक ठेवलं होतं. त्याची मापं जुळवण्यात वर्ष गेलं. पावसाळाभर बंद राहिलेली पेटी लावली, तर खर्ज गायब. आणि स्पीकर बंद केल्यावरही आतून गुणगुण. भोकात बारीक मधमाश्यांनी मेणाची नळी बांधली होती. "तवाच म्हटलं न्हवतं व्हय सायेब, ही माश्यांची पेटी हाय म्हणून?" बोलावून आणलेला सुतार हसला. "आता उघडलासा तर पोळं मरतंय. गाणं का माश्या, बोला." मी तारा काढल्या आणि पेटी त्याच्याच वळचणीला टांगली. नंतर करून घेतलेल्या दुसऱ्या पेटीच्या भोकाला जाळी आहे, खर्ज नेमका येतो. तरी ती बंद केल्यावर मी अजून भोकाला कान लावतो.