विहिरीत धावणे

अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांत मी अमरावती-अकोला रस्त्यावर डाकेचा हरकारा होतो. मूर्तिजापूरच्या अलीकडच्या चौकीवरून थैली उचलायची, तीन कोस धावायचे, पुढच्या माणसाच्या हाती द्यायची. फाल्गुनात कापसाच्या गाड्यांनी रस्ता असा भरला की मी शेतांतून धावू लागलो. काळ्या जमिनीच्या एका भेगेत उजवा पाय घोट्यापर्यंत गेला. मी पुढे गेलो, पाय मागेच राहिला.

हाड शाबूत होते, घोट्याची शीर दुखावली होती. हाडवैद्य म्हणाला, पाय जमिनीला लावू नकोस. पण निजून राहिलास तर दम जाईल आणि पायाचे लाकूड होईल, म्हणून रोज खोल पाण्यात धाव. चौकीच्या मुनशीने माझ्या जागी बदली माणूस घेतला होता. चैत्र संपायच्या आत मी थैली पोचवून दाखवली नाही, तर हरकाऱ्याचा पट्टा, म्हणजे माझी नोकरीच, कायमचा त्या माणसाच्या कमरेला जाणार होता.

मला धावता येत होते, पोहता येत नव्हते.

गावाबाहेर एका म्हाताऱ्या माळणीची वांग्याची बाग होती. तिच्या विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते. त्या आसरा, पाण्यातल्या बाया. न विचारता उतरणाऱ्याचा पाय त्या ओढतात, असे सगळे मानत. माळीण म्हणाली, आधी नारळ फोड. मी मिळतील ती पत्रके वाचून वाढलेला. भुताखेतांविरुद्ध चार पाने स्वतः लिहून छापायलाही पाठवली होती. मी नकार दिला आणि नकाराची कारणे बरीच लांबण लावून सांगितली.

तिने सगळे ऐकून घेतले. "तुह्या पुस्तकात विहीर हाये काय?"

"नाही."

"मंग त्याले काय मालूम."

पाठीला दोन वाळके भोपळे बांधून मी पायऱ्या उतरलो. भोपळ्यांनी मला छातीपर्यंत वर धरले. खाली पाय धावत होते आणि कशालाच टेकत नव्हते. वाघाच्या रानातून मी थैली नेलेली आहे, पण अशी भीती कधी वाटली नव्हती. वर ऊन, माझ्या छातीशी हिरवे पाणी, आणि कमरेखालचे मला काही दिसत नव्हते. शंभर पावले मोजायची, पायरी धरायची, पुन्हा शंभर. माळीण वरून वांगी तोडता तोडता विचारी, कुठवर आला बापू, अकोला आलं काय? मी वाजत्या दातांनी पुढचे शंभर मोजू लागे.

बाराव्या दिवशी एका भोपळ्याला तडा होता. तो भरत गेला आणि मी एका कुशीवर कलंडलो. नाकात पाणी गेले. त्याच वेळी दुखऱ्या पायाला काहीतरी गुंडाळले गेले, मऊ आणि घट्ट.

मी ओरडलो, "माय हो, सोडा मले. नारळ देतो."

आणि लाथ मारली. उजव्या पायाने, भिंतीवर, सगळ्या जोराने. पायरी हाताला लागली. पायाला मोटेच्या जुन्या दोराचा तुकडा अडकला होता. वर येऊन पाहतो तर मी दोन्ही पायांवर उभा होतो. घोटा ठणकत होता, पण त्याने मला धरले होते.

"कोनाले म्हनत होता रे?" माळणीने विचारले.

"तुमाले."

"मी त एकटीच हावो."

नारळ मी दिला नाही. धाकाने वदवलेला शब्द मी पाळणार नाही, असे मनाशी ठरवले, आणि आजही तेच म्हणतो. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीवर तोंड कोरडे पडले ते खरे. पत्रकांत हे कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो आहे. विहिरीत उतरणे मी सोडले नाही. भोपळा बदलला, आणि हळूहळू बागेच्या पाटाकडेने चालूही लागलो.

चैत्राच्या शेवटच्या आठवड्यात मुनशीने एका दिवसापुरता पट्टा माझ्या कमरेला बांधला. दम शाबूत होता, पाय लाकूड झाला नव्हता. पण प्रत्येक भेग मला लांबूनच दिसे आणि घोट्यातून काही वाजते का, तिकडेच कान लागे. बदली माणूस माझ्या मागून धावत येत होता. मी पडलो तर थैली उचलायला. थोड्या वेळाने तो मागे दिसेनासा झाला.

पुढच्या माणसाला थैली देऊन परतीची थैली मी चौकीवर आणली तेव्हा उशीर झाला होता. मुनशीने सावलीकडे पाहिले, मग माझ्या पायाकडे. मी थैली त्याच्यापुढे ठेवली.

"उद्या वखतावर येजो," तो म्हणाला, आणि थैलीची गाठ सोडू लागला. पट्टा काढून ठेव असे काही तो म्हणाला नाही.